कातडी कमावणारा संगीतकार
महोदय,
अमेरिकी स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांनिमित्त वॉशिंग्टन, जेफरसन यांच्यावर पुष्कळ छापून येते. विल्यम बिलिंग्ज (१७४६-१८००) मात्र कुणाला आठवत नाही. बोस्टनचा हा माणूस पोटासाठी कातडी कमावत असे. संगीत बहुतांशी स्वतःच शिकला. १७७० मध्ये त्याने ‘न्यू इंग्लंड साम सिंगर’ हा चर्चमध्ये गायच्या रचनांचा संग्रह काढला. पूर्णपणे एकाच अमेरिकी संगीतकाराच्या रचनांचे ते पहिले पुस्तक. मुखचित्र कोरले होते पॉल रिव्हिअरने. घोड्यावरून इंग्रज फौजेची खबर देणारा तोच!

बिलिंग्जच्या काही रचनांत एक आवाज पद सुरू करतो, मग दुसरा, तिसरा त्याच्यामागून धावतात आणि शेवटी सगळे एकत्र येतात. त्याचे ‘चेस्टर’ हे गीत क्रांतियुद्धात सैनिकांच्याही तोंडी होते. त्याच्या रचना फारच गोड, बेसूरपणा जराही नाही, अशी टीका झाली, तेव्हा पठ्ठ्याने १७७८ च्या पुस्तकात ‘जार्गन’ ही मुद्दाम कर्कश रचना छापली. टीकाकारांना असे उत्तर द्यायला हिंमत लागते.

पुढे युरोपीय वळणाच्या ‘शास्त्रशुद्ध’ संगीताची टूम आली आणि शहरांनी या रचना अडगळीत टाकल्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यांनी त्या जपल्या. तिथे पुस्तकातल्या स्वरचिन्हांच्या आकारांवरून स्वर ओळखतात: ‘फा’ त्रिकोण, ‘सोल’ गोल, ‘ला’ चौकोन, ‘मी’ हिऱ्याच्या आकाराचा. १८४४ च्या ‘सेक्रेड हार्प’ या गीतसंग्रहातून लोक आजही चौकोनात समोरासमोर बसून गातात, श्रोत्यांसाठी नव्हे, स्वतःसाठी. बिलिंग्ज गरिबीतच गेला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नाही.
– एक वाचक, ठाणे