ती. आई-बाबांना, आमस्टरडॅमहून

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं तर आई रडेल आणि बाबा नुसतं "बरं" म्हणतील, म्हणून लिहिते आहे. इथला करार मी आणखी एक वर्ष वाढवलाय. आठवड्याला चारच दिवस नोकरी, पाचव्या दिवशी एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून चित्र छापायची, कार्यशाळा. पगार कमी होईल, पण भाडं, बचत, तुमची औषधं, सगळं बसतं. हिशोब वेगळा पाठवते, बाबा तपासणारच.

झाडांची चित्रं काढायला एवढ्या लांब कशाला, असं विचाराल. बाबा, रेम्ब्रांट या इथल्या जुन्या चित्रकाराचं १६४३ चं 'तीन झाडं' हे एचिंग तुम्ही बघायला हवं होतं. फुलस्केप कागदाहून लहान. डावीकडे पट्टीने आखावा तसा तिरपा पाऊस, लांब क्षितिजावर हे गाव, आणि उजवीकडे उजेडासमोर ती तीन काळी झाडं. झुडपात एक जोडपं लपलंय, टेकाडावर कुणी चित्र काढत बसलंय, पण ते नंतर दिसतं. आदल्या वर्षी त्याची बायको सास्किया वारली होती. कुणी त्यात ती गेल्याचं दुःख बघतं, कुणी येशूच्या वधाचे तीन क्रूस. मला ती झाडंच वाटतात, आपापल्या स्वभावाची. दारच्या आंब्याकडे बघून तुम्ही "आज रुसलाय हं" म्हणायचात, मी खरं मानून त्याची समजूत काढायला जायचे, तशी.

आई, ॲसिडची काळजी करू नकोस. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देतात, सुईने रेघ ओढून तेवढंच तांबं उघडं करतात, मग पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये. जास्त वेळ ठेवला की रेघ खोल जाते, शाई जास्त धरते, झाड गडद होतं. हातमोजे असतात, खिडक्या उघड्या असतात. जेवणही वेळेवर होतं, वरण-भात रोज.

दिवाळीला जमणार नाही. रागावू नका, मोहोराच्या दिवसांत नक्की येते, चांगली तीन आठवडे.

तोवर आंब्याचे फोटो पाठवा, चारी बाजूंनी. छापा उलटा येतो, म्हणजे विहिरीकडची फांदी मला पत्र्यावर गोठ्याकडे कोरावी लागेल. पण बाबा, फोटोसाठी शिडीवर चढायचं नाही. वाळलेली फांदी तोडायलाही माणूस बोलवा, पैसे मी देते. बीपीची गोळी चहाच्या आधी. आणि आई, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढायचाच, "बघू" चालणार नाही. काढलात की लगेच मला फोटो पाठवा.

तुमची,
छकुली