बंद घरांच्या किल्ल्या आणि उसनी कौलं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या फाल्गुनात राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीतली पाच घरं वणव्यात गेली. त्यातलं एक माझं. यंदा पाचही घरांत गणपती बसले, आपापल्या छपराखाली. ज्यांच्यामुळे बसले त्यांतल्या कितीतरी जणांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून हे पत्र.

चिऱ्याचं घर वणव्यात जळतं कसं, असं पुष्कळांनी विचारलं. चिरा जळत नाही, हे खरंच. पण सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावरचं, गवत दिवाळीनंतर वाळू लागतं आणि शिमग्यापर्यंत कमरेएवढं कोरडं उभं असतं. त्या दुपारी खाऱ्या वाऱ्याने जोर धरला. सड्यावरची आग काजूच्या बागेतल्या पातेऱ्यात, वाळक्या पानांच्या थरात, उतरली आणि तिथल्या ठिणग्या गोठ्यामागच्या पेंढ्याच्या उडवीवर पडल्या. मग मांडवाच्या झावळ्या, पडवीचे वासे, माळ्यावर पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं. मंगलोरी कौलं ताडताड फुटून खाली आली. भिंती तेवढ्या राहिल्या. माणसं वाचली, दावी कापून गुरंही सोडता आली. आग कुठून लागली ते अजून कळलेलं नाही.

पुरुष ऐनाचे आणि निरगुडीचे ओले डहाळे घेऊन आग झोडपत होते, पण विहिरीचं पाणी मार्चमध्ये कितीसं असणार? तेवढ्यात बंदरावरची मच्छीमार मुलं दोन टेम्पोंत पाण्याची पिंपं भरून आली. त्यांचे रोजे चालू होते. दुपारच्या त्या उन्हात, धुरात, घशाखाली पाण्याचा थेंब न उतरवता ती संध्याकाळपर्यंत खपली. पलीकडची सोळा घरं त्यांच्यामुळे वाचली. सूर्य मावळल्यावर आमच्याच अंगणात त्यांनी पाणी पिऊन रोजा सोडला. त्यांना द्यायला त्या क्षणी माझ्या घरात खजूर नव्हता, भाकरी नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. ते मला अजून लागतं.

वाडीतली निम्मी घरं एरवी कुलपात असतात. माणसं मुंबईत, घर गणपती-शिमग्यापुरतं उघडायचं. त्या रात्री आमच्या मुंबई मंडळात फोन फिरले आणि सकाळपर्यंत पाच कुटुंबांना पाच घरं उघडून मिळाली. ‘किल्ली शेजारच्या काकींकडे आहे, डब्यातले तांदूळ वापरा, विचारत बसू नका.’ मी साडेतीन महिने दुसऱ्याच्या चुलीवर भात रांधला. भाडं विचारलं तर त्या वहिनी रागावल्या.

आठ दिवसांनी शिमग्याची पालखी आली. आमचं घर काळं पडलेलं, वर आभाळ. पालखी येईल की पुढे जाईल, या विचाराने मी रात्रभर जागी होते. तरी पहाटे उठून अंगण शेणाने सारवलं. पालखी उंबऱ्याशी थांबली. देवीची ओटी भरायला माझ्याकडे काही नव्हतं, तर शेजारणीने मागून येऊन न बोलता नारळ आणि तांदूळ माझ्या ओंजळीत ठेवले. गाऱ्हाणं घातलं गेलं आणि अख्ख्या वाडीने एका आवाजात ‘होय महाराजा’ म्हटलं, तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

मृगाच्या आत छप्पर चढवायचं होतं, नाहीतर उरल्या भिंतीही पावसात गेल्या असत्या. पंचनाम्याला तलाठी दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर होते. आग ही आपत्ती निधीच्या यादीत येते, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. कौलं आली दापोलीकडून. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिकडची छपरं उडाली, तेव्हा आमच्या वाडीने तांदळाची काही पोती पाठवली होती. आम्ही ते विसरलो होतो, ते विसरले नव्हते. जुनी घरं उतरवताना निघालेली कौलं त्यांनी धुऊन, पेंढ्यात रचून ट्रकने पाठवली. गाद्या आणि भांडी चिपळूणच्या एका दुकानदाराने दिली. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांचं स्वतःचं दुकान माळ्यापर्यंत बुडालं होतं. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलं आहे.

झाडांचं दुःख वेगळं. हापूसचं कलम हाताशी यायला पाच-सहा वर्षं लागतात, आणि माझ्या सासऱ्यांच्या हातची कलमं होती ती. कृषी खात्याच्या एका ताई स्वतः येऊन भाजलेल्या खोडांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावायला शिकवून गेल्या. पावसात नऊ झाडांना तांबूस पालवी फुटली. काजू मात्र एकही उरला नाही.

आमच्याकडचे बहुतेक डोंगर खासगी मालकीचे, त्यामुळे जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, कुणी काढायची हा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच पडून होता. यंदा वाडीने ठरवलं आहे की मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी सड्याच्या कडेने पंधरा फूट रुंदीचा पट्टा कापायचा, आणि कापलेलं गवत सकाळच्या दवात, वारा सुटायच्या आत जाळून टाकायचं. उडव्याही घरापासून लांब हलवल्या आहेत. बंदरावरची मुलं येतो म्हणाली आहेत. त्या दिवशी जेवण माझ्याकडे आहे.

– एक वाचक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी