आप्पा, तुमची पाटी अजून आमच्याकडेच आहे

तीर्थस्वरूप आप्पांस,
सा. न. वि. वि.

आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, खोडलं. ते फक्त आईवडिलांना लिहायचं, हे तुम्हीच मागे सुनावलं होतंत.

तोंडावर आभार मानायला आलो की तुम्ही हळदीचा भाव विचारता. तीनदा झालं असं. म्हणून हे पत्र चारचौघांत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. रागावलात तरी चालेल. नाव घातलेलं नाही; सांगलीच्या गावभागात आप्पा पुष्कळ आहेत.

बायकोचा आजार सांगायचा तर चार ओळींत संपतो. ताप, उलट्या, मान ताठ. मिरजेला दवाखान्यात नेलं, तिथं मेनिंजायटिस निघाला, मेंदूच्या आवरणाला सूज. जीव वाचला. पण शुद्धीवर आल्यावर ही आमच्यावरच चिडली, “सगळे कुजबुजताय का? माझ्यापासून काय लपवताय?” आम्ही चांगले मोठ्यानं बोलत होतो.

मग ऑडिओग्राम आणि बेरा या ऐकण्याच्या तपासण्या, वर एमआरआय. दोन्ही कान गेले होते. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण तो पकडणाऱ्या आतल्या केसपेशीच मेल्या असतील तर मोठा करून उपयोग काय? डॉक्टर म्हणाले, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन, करावं लागेल, आणि लवकर. या आजारानंतर कानातल्या शंखात कधी कधी हाड भरायला लागतं. एकदा ते भरलं की इलेक्ट्रोडची तार आत सरकवणं अवघड होतं, कधी कधी अशक्यच.

खर्चाचा अंदाज ७ लाख ४० हजार. २०१९च्या महापुरानंतर भीतीपोटी काढलेली आमची पॉलिसी ५ लाखांची, सगळ्या कुटुंबाची मिळून. कॅशलेससाठी कागद गेले आणि दुसऱ्या दिवशी एका ओळीत नकार आला, श्रवणयंत्राचा खर्च पॉलिसीत बसत नाही. ती ओळ घेऊन मी तुमच्या ओट्यावर आलो. तुम्ही विमा कंपनीत तीस वर्षं कारकुनी केलीत, एवढंच मला माहीत होतं.

तुम्ही फाइल उघडलीच नाहीत. “पेशंट कुठाय?” म्हणालात.

“घरी आहे. तिला काही ऐकू येत नाही आप्पा, तिला कशाला आणू?”

तुम्ही काही बोलला नाहीत. चपला घातल्यात, आत जाऊन नातीची जुनी पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा घेतलात आणि माझ्या आधी आमच्या घरात शिरलात. हिच्यासमोर बसून पाटीवर लिहिलंत, ‘तुमचं काय म्हणणं आहे?’

आप्पा, तोवर पाच आठवडे झाले होते. या पाच आठवड्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. फॉर्मवर मी सह्या करत होतो, पाहुण्यांना मी सांगत होतो, डॉक्टर माझ्याशी बोलत होते आणि ती आमच्या तोंडांकडे बघत मधे बसलेली असायची. तिला बोलता येत होतं, वाचा कुठं गेली होती? तरी तिनं तुमच्या हातातली पेन्सिल घेऊन लिहिलं, ‘भीती वाटते. डोक्यात खिळे मारणार का?’

तुम्ही हसला नाहीत. पाटीवर कान काढलात, कोबीच्या गड्ड्यासारखा दिसत होता तो. मग शंख काढलात. कानामागच्या हाडात छोटी खाच करून एक चकती बसवतात, तिची बारीक तार शंखात जाते. बाहेर कानावर प्रोसेसर, तो आवाजाचे संकेत करून कातडीतून आत पाठवतो. चुंबकानं चिकटतो, खिळा नाही. हे सगळं तुम्हाला आदल्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं, मिरजेच्या ऑडिओलॉजिस्टबाईंना फोन करून विचारून घेतलं होतंत, हे मला फार उशिरा कळलं. आम्हाला तार समजावी म्हणून तुम्ही सतारमेकर गल्लीतला तंबोरा मधे आणलात. शंखाच्या तोंडाशी उंच स्वर, आत टोकाकडे खर्ज, आणि हिच्या तारेवर बावीस इलेक्ट्रोड. प्रत्येक वेगवेगळा जुळवावा लागतो, त्याला मॅपिंग म्हणतात. “तंबोऱ्याला चार तारा, तर लावायला अर्धा तास. वहिनींना बावीस. धीर धरा,” हे तुमचं वाक्य पुढं वर्षभर घरात चाललं.

सरकारी योजना तुम्ही आधी तपासलीत. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या संस्थेमार्फत इम्प्लांट मिळतात, पण ते लहान मुलांना. हिचं वय बेचाळीस. (ज्यांच्या घरी तान्ह्या मुलाला ऐकू येत नसेल, त्यांनी मात्र एक दिवसही न घालवता तिकडं आणि जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. तिथं वयाची अट असते.) मग तुम्ही मला म्हणालात, “ऑपरेशन करून घ्या. कंपनी थांबेल, शंख थांबणार नाही. फक्त एकही कागद टाकू नका.” हिच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या, अडत दुकानाच्या मालकांनी उचल दिली, पुण्यात ऑपरेशन झालं. बिल भरून क्लेम पाठवला. पुन्हा तीच ओळ आली.

तेव्हा कुठं तुम्ही फाइल उघडलीत. पॉलिसीचं पुस्तक इंग्रजी, आमच्यापैकी कुणी कधी उघडलं नव्हतं. तुम्ही पट्टी ठेवून एकेक ओळ मराठीत सांगायचात, मी पाटीवर लिहायचो, ही वाचायची. तीन संध्याकाळी गेल्या. न मिळणाऱ्या खर्चात चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, श्रवणयंत्र. कॉक्लिअर हा शब्द कुठंच नाही. “हे तुमचं नशीब,” तुम्ही म्हणालात, “काही पुस्तकांत तो स्पष्ट वगळलेला असतो, मग आपली बोलती बंद.” आणि मग मिळणाऱ्या खर्चांत, चौदाव्या पानावर, शस्त्रक्रियेत शरीराच्या आत बसवलेली उपकरणं. पेसमेकर ज्या ओळीत बसतो तीच ओळ. तुम्ही तिथं पट्टी आपटलीत. एखाद्या कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर विमेदाराच्या बाजूचा घ्यायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलंय, हेही मला त्या संध्याकाळी समजलं.

अर्ज तुम्ही हिच्या नावानं करायला लावलात. मी म्हटलं, पॉलिसी माझ्या नावावर आहे. “मग सही तुमची. पण मजकूर त्यांचा.” तिनं पाटीवर लिहिलं, ‘चष्मा मी रात्री काढून ठेवते. हे माझ्या हाडात आहे, हे मी काढू शकत नाही.’ पुढच्या सगळ्या पत्रांत तेच वाक्य पहिलं राहिलं.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पत्र गेलं, पोच जपून ठेवली. महिन्याच्या आत उत्तर आलं. ऑपरेशन आणि आतला भाग मंजूर, बाहेरचा प्रोसेसर नाही, कारण तो शरीराबाहेर असतो. मी खूश झालो होतो, खरं सांगतो. मिळतंय ते घेऊ म्हणत होतो. तुम्ही हिला विचारलंत. ती “नाही” म्हणाली.

एव्हाना तिला थोडं ऐकू यायला लागलं होतं. प्रोसेसर चालू केला त्या दिवशी आनंदाश्रू वगैरे काही झालं नाही. ती म्हणाली, “हे बदकासारखं कोण बोलतंय?” मीच बोलत होतो. दोन महिने आम्ही सगळे बदकंच होतो. कुकरची शिट्टी तिला आधी मोटारच्या हॉर्नसारखी वाटायची. एकदा भांडी लावताना डोक्यावरचं चुंबक स्टीलच्या मांडणीला चिकटून बसलं आणि ही अख्खं घर शोधत होती. रोज तासभर थेरपी, शब्द ऐकायचे आणि परत म्हणायचे. ‘पाणी’ आणि ‘नाणी’ वेगळं कळायला सात आठवडे लागले. या थेरपीचा आणि पुण्याच्या फेऱ्यांचा खर्च कुठल्याच पॉलिसीत दिसला नाही. तो आपलाच.

मग आपण विमा लोकपालांकडे गेलो, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. त्यांचं पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत आहे. तिथं तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही; आधी कंपनीकडे दाद मागितलेली असावी आणि तिच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत यावं, एवढंच. इतकं सोपं असून आमच्या ओळखीत कुणाला हे माहीत असलेलं मी पाहिलं नाही. जाताना एसटीत तुम्ही दम भरलात, “तिथं नाटक करायचं नाही. कागद बोलतील.”

हिनं ऐकलं नाही. म्हणजे ऐकू आलं होतं, पण ऐकलं नाही. कंपनीचे साहेब सांगत होते, प्रोसेसर हे बाहेरचं जोडसाधन आहे. हिनं त्यांना समोर बघून सावकाश बोलायची विनंती केली, त्यांचं पुरतं ऐकून घेतलं आणि बाहेरचा प्रोसेसर काढून टेबलावर ठेवला. “आता तुम्हाला मला काय विचारायचंय ते विचारा,” म्हणाली. ते काहीतरी बोलले. ती गप्प बसून राहिली. प्रोसेसर परत लावला आणि म्हणाली, “आतला भाग अजून डोक्यातच होता.”

तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. नाराज होतात की काय, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

निकाल आला. आतला आणि बाहेरचा भाग मिळून एकच उपकरण धरलं, विम्याच्या रकमेपर्यंत पैसे द्यायला सांगितलं. ५ लाखांवरचे आमचे आम्हीच सोसले, पण पाटल्या सुटल्या. तुम्ही घेतलेत ते स्पीड पोस्टाचे पैसे, तेही पावत्या दाखवून, आणि भडंगाचा एक पुडा.

क्लेमसाठी आभार मानतोच आहे. पण त्या पाच आठवड्यांचं जे माझ्याकडून राहून गेलं आणि तुम्ही पाटीवर एका ओळीत केलंत, त्यासाठी हे पत्र आहे. हिच्याबद्दल बोलताना मी अजूनही ‘ही’ म्हणतो, सवय जात नाही. आता ती शेजारच्या खोलीतून टोकते.

पाटी परत द्यायची राहिली आहे. नात लहान आहे, तिला लागत असेल, म्हणून काल पिशवीत घातली होती. हिनं काढून परत कपाटावर ठेवली. म्हणते, पावसाळ्यात लाइट जाते, बॅटरी चार्ज नसली तर आप्पांशी बोलायचं कसं? तुम्ही नवीन घ्या. पैसे आम्ही देऊ, पावती आणा.

तुमचा,
गावभागातला शेजारी