वीस रुपयांचे पाचशे कुणी केले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर ‘ज्ञान, संस्कार आणि समाज यांचा त्रिवेणी संगम’ या मथळ्याखाली सातपूर भागातल्या एका प्राथमिक शाळेचे भरभरून कौतुक वाचले. सिंहस्थ तोंडावर आला आहे, तेव्हा संगम आठवणे साहजिक आहे. कौतुकालाही हरकत नाही. हरकत आहे ती फोटोखालच्या ओळीला. ‘सापडलेले पाचशे रुपये परत करणारी प्रामाणिक विद्यार्थिनी’ म्हणून आपण जिला छापले, ती माझी नात. आणि ते पाचशे नव्हते. वीस होते.

झाले होते ते एवढेच. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळाजवळ तिला वीसची नोट सापडली, ती तिने वर्गात जाऊन बाईंना दिली. दुसरीतला एक मुलगा आधीच रडत होता, नोट त्याची निघाली. शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीत तिचे बोरकूट आणि पेप्सी होऊन विषय संपला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. तिसरीतल्या पोरीला एवढा संस्कार पुरे.

मग लेखाची टूम निघाली आणि फोटो हवा झाला. खरी नोट तर केव्हाच खर्च झालेली. शिवाय वीसची नोट फोटोत ‘उठून दिसत नाही’ म्हणे. तेव्हा तिथल्या कुणी मोठ्या माणसाने खिशातून पाचशेची काढून नळाजवळ टाकली. नातीने ती वाकून उचलायची, चालत यायचे, बाईंच्या हातात द्यायची. ‘बाळा, इकडे बघून हस’ म्हणत पुन्हा पहिल्यापासून. फोटो मनासारखा आला आणि नोट मालकाच्या खिशात परत गेली. प्रामाणिकपणाचा धडा इतक्या तालमी करून बसवलेला मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

इथवर हसण्यावारी नेले असते. पण काल संध्याकाळी त्या दुसरीतल्या मुलाची आई आमच्या दारात उभी. अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते बाई. शेजारणीने तिला पेपर दाखवला होता. ‘काका, पोराकडं पाचशे आले कुठून? आणि परत मिळाले म्हणतात, तर गेले कुठं?’ पोरगा वीस वीस म्हणून रडत राहिला, पण छापील अक्षरापुढे त्याचे कोण ऐकणार? दोन धपाटे बसून गेले होते. मी समजावून सांगितले, चहा दिला, तेव्हा ती शांत झाली. नात सगळे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, ‘आजोबा, पेपरवाल्यांना सांगा, मी पाचशे म्हटलंच नव्हतं.’ म्हणून हा पत्रप्रपंच.

शाळा वाईट आहे असे माझे म्हणणे अजिबात नाही. उलट जे छापायला हवे होते ते लेखात नावालाही नाही, याचाच राग आहे. या वर्गात खानदेशातून आलेली मुले आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधून कारखान्यांत कामाला आलेल्यांचीही आहेत. घरी भोजपुरी आणि शाळेत मराठी अशी गत असलेला एक मुलगा जूनमध्ये तोंडच उघडत नव्हता. बाईंनी त्याला नातीशेजारी बसवले. डब्यातल्या, दप्तरातल्या वस्तूंची नावे ही त्याला मराठीत सांगणार, तो हिला त्याच्या भाषेत. परवा थांब्यावर तो सिटीलिंकच्या बसची पाटी मोठ्याने वाचत होता, ‘नि-मा-णी’. २०२१ पासून ‘निपुण भारत’ चालू आहे, तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब यावेत, एवढेच त्याचे मागणे. ते या बाई खडू आणि काड्यांच्या गठ्ठ्यांवर भागवत आहेत. पण काड्यांचा गठ्ठा फोटोत उठून दिसत नसावा.

आता आपल्या त्रिवेणीतला ‘समाज’. त्याचा फोटो मी भिंगातून पाहिला. पहिल्या रांगेत हार-उपरण्यातले पाहुणे, मागे खांबाआड अर्ध्या दिसणाऱ्या आया. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. म्हणजे खांबाआडच्या त्या बायका शाळेच्या यजमान, पाहुणे नव्हेत. त्याच कायद्यात शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याखेरीज बिगरशैक्षणिक काम देऊ नये असेही आहे. प्रत्येक उपक्रमाचे फोटो काढून ‘वर’ पाठवत बसणे या तिन्हींपैकी कशात मोडते, हे जाणकारांनी सांगावे. मला तर ते आपत्तीत बसेल असे वाटते.

जाता जाता आणखी एक. मुलांसाठी इतका कळवळा आहे, तर रविवारचे मुलांचे पान आपण का बंद केले? त्यातले शब्दकोडे मी आणि नात मिळून सोडवायचो. त्या जागी आता साप्ताहिक राशिभविष्य येते आणि उरलेल्या अर्ध्या पानात क्लासवाल्यांच्या जाहिराती. गेल्या आठवड्यात माझ्या राशीला ‘अचानक धनलाभ’ होता. तो नातीला झालेला दिसतो, तोही कागदोपत्री.

असो. मागणी छोटी आहे. ‘ती रक्कम पाचशे नसून वीस रुपये होती’ एवढी दुरुस्ती छापा. मात्र पान तीनवरच, त्याच जागी. आतल्या पानात निविदा सूचनांखाली नको, तिथे त्या मुलाच्या आईला दिसणार नाही.

कळावे,
एक आजोबा, सातपूर, नाशिक

ता. क. : नाव छापू नये ही विनंती. नातीला चौथीपर्यंत त्याच शाळेत जायचे आहे.