गुन्हा रक्तात असतो का? सुहासला पत्र

बार्शी,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सोसायटीत चोरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या माळावरच्या पारध्यांच्या पालांकडे बोट गेलं, हे वाचून वाईट वाटलं. ‘तू वकील आहेस, खरं सांग, काही जमातींच्या रक्तातच गुन्हा असतो का?’ असं विचारलं आहेस. नाही, नसतो. पण नुसतं नाही म्हणून भागायचं नाही, कारण हा समज आपल्याकडे खुद्द कायद्यानेच पेरला आहे.

आधी चोरी म्हणजे काय ते बघ. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, लबाडीने घेण्याच्या इराद्याने हलवणं. यातली प्रत्येक गोष्ट सरकार पक्षाला सिद्ध करावी लागते. लग्नाच्या कार्यालयातून तू चुकून दुसऱ्याच्या चपला घालून आलास, तर कृती घडली पण इरादा नाही, म्हणून चोरी नाही. शेजाऱ्याची मोटारसायकल पळवायचं कुणाच्या मनात महिनाभर घोळलं, पण त्याने हात लावला नाही, तर इरादा असूनही गुन्हा नाही. दोन्ही एकत्र यावे लागतात. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही, कारण तसा इरादा धरण्याची समजच त्याला नसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, चोरीचं कलम ३७९ जाऊन ३०३ झालं, तरी हा पाया १८६० च्या दंड संहितेपासून तोच आहे.

आणि ती संहिता करणाऱ्या सरकारनेच अकरा वर्षांनी, १८७१ मध्ये, क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणला. कृती नको, इरादा नको, जन्म पुरे! अख्खी जमात ‘गुन्हेगार’ जाहीर करायची, नावं नोंदवायची, हजेरी घ्यायची, पासाशिवाय हलू द्यायचं नाही. सुरुवात उत्तरेत झाली, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवायची वसाहत, तुला माहीतच आहे. तिथे तारेच्या कुंपणात पोरं जन्मली आणि गुन्हेगार म्हणून नोंदली गेली. याचा मला आजही संताप येतो.

१८७६ मध्ये इटलीच्या लोम्ब्रोसो या डॉक्टरने तर जन्मजात गुन्हेगार कवटीवरून, जबड्यावरून ओळखता येतो असं मांडलं. पुढच्या अभ्यासात ते टिकलं नाही. मग गरिबीच कारण म्हणावी, तर अमेरिकेच्या सदरलंड या समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये सुस्थितीतल्या, प्रतिष्ठित लोकांच्या धंद्यातले गुन्हे पुढे ठेवले. त्याचं म्हणणं, गुन्हा संगतीत शिकला जातो. मला हे पटतं, पण पुरतं नाही. फासेपारध्यांचं बघ. शिकार हे त्यांचं पोट. जंगल कायद्यांनी ते आवळलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदच केलं. जमीन नाही, दाखला नाही, नाव ऐकलं की कुणी कामावर ठेवत नाही. त्यांच्यातलं कुणी चोरी करतच नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्याला दुसरी वाटच ठेवली नाही, त्याच्या रक्ताला दोष देणं अन्याय आहे.

३१ ऑगस्ट १९५२ ला क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट गेला, जमाती विमुक्त झाल्या. संशय मात्र गेला नाही. गेल्याच महिन्यात, ३ ऑक्टोबरला, तुरुंग नियमावल्यांतल्या जातिभेदावरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये.

म्हणून सोसायटीच्या बैठकीत तू बोल. फिर्यादीत काय गेलं, कधी गेलं, कुणी काय पाहिलं एवढंच येऊ दे. जे कुणी पाहिलंच नाही, ते त्यात घालू देऊ नकोस. आणि पोलिसांनी त्या पालांवरून कुणाला उचललं, तर रात्री-अपरात्री का होईना, मला फोन कर. मी येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश