‘निरंक’ लिहिलेल्या रकान्याबद्दल: एका फिरत्या विशेष शिक्षिकेस अनावृत आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

माण तालुक्यातील एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन मला आता काही वर्षे झाली. निरोपाच्या दिवशी गावाने शाल-श्रीफळ दिले, भाषणे झाली आणि ‘गुरुजींनी एकही मूल मागे पडू दिले नाही’ असे एका वक्त्याने सांगितले, तेव्हा टाळ्याही पडल्या. तुम्ही त्या वेळी तिथे नव्हता. तुमच्या यादीतल्या दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत असाल. ते वाक्य खरे नव्हते आणि त्यात जो थोडाफार खरेपणा आला तो तुमच्यामुळे आला, हे मी त्याच वेळी उठून सांगायला हवे होते. सांगितले नाही. सत्कार चारचौघांत झाला होता, म्हणून हे पत्रही चारचौघांत वाचले जाईल असे लिहीत आहे.

आपली पहिली भेट २०१८ च्या पावसाळ्यातली. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-प्रशिक्षण एकत्र करून समग्र शिक्षा ही योजना त्याच वर्षी सुरू झाली होती, त्यामुळे गटसाधन केंद्रातून कोणी आले म्हणजे नवा तक्ता भरायचा आला, एवढाच अर्थ आम्हा शिक्षकांना कळत होता. तुम्ही तक्ता दिला नाही. आधीच्या वर्षीच्या यू-डायस प्रपत्राची, म्हणजे दरवर्षी शाळेची माहिती भरून द्यायच्या सरकारी फॉर्मची, शाळेची प्रत मागितली. विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या रकान्यात माझ्या हस्ताक्षरात ‘निरंक’, म्हणजे एकही नाही, असे होते. त्याच्या आधीच्या वर्षीही तेच होते. हा शब्द आमच्या कागदोपत्री कारभारात फार सोयीचा आहे, कारण तो लिहिला की पुढचे रकाने भरावे लागत नाहीत. तुम्ही त्यावर एक अक्षर बोलला नाहीत, फक्त ‘मी थोडा वेळ वर्गात मागे बसू का?’ असे विचारले.

त्या वर्गात तिसरीचा एक मुलगा होता. जन्मापासून केस पांढुरके, कातडी गोरीपान, आणि बुबुळे सतत इकडून तिकडे हलणारी. गावात काहींना ते कोड वाटे, काहींना संसर्ग वाटे, आणि डबा खाताना त्याच्या शेजारी सहसा कोणी बसत नसे. पाढे त्याला तीसपर्यंत तोंडपाठ होते, गोष्ट एकदा ऐकली की तशीच्या तशी सांगे. पण फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगितले की वही कोरी. पुस्तक तो नाकाला लावून धरी, मान एका बाजूला वाकडी करून बघे, आणि परिपाठाला मैदानात उभा केला की डोळे मिटून घेई. मी त्याला दिवसातून दहा वेळा ‘मान सरळ कर’ म्हणत असे. त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘तोंडी उत्तम, लेखनात आळशी’ हा शेराही मीच लिहिला आहे. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर मूल आळशी आहे की नाही हे आपल्याला दारातूनच ओळखता येते, असा माझा समज होता.

मधल्या सुट्टीत तुम्ही मला जे समजावले ते जवळपास शब्दशः लक्षात आहे. त्याच्या शरीरात रंगद्रव्य तयार होत नाही. त्यामुळे केस आणि त्वचा फिकी राहतेच, पण डोळ्याच्या पडद्यावरच्या ज्या बिंदूने आपण बारीक अक्षर वाचतो तो बिंदूही पुरता घडत नाही, म्हणून चष्म्याने थोडा फरक पडला तरी नजर पूर्ण होत नाही. बुबुळे हलतात ती त्याच्या इच्छेने नव्हे. मात्र मान एका ठरावीक कोनात नेली की ती हालचाल सर्वांत कमी होते आणि अक्षर जरा थांबते. तो कोन त्याने कोणीही न शिकवता स्वतः शोधून काढला होता. मी दोन वर्षे दररोज तो त्याच्याकडून हिरावून घेत होतो. हे ऐकल्यावर मी चहाचा कप तसाच ठेवून उठलो होतो, ते तुम्हाला कदाचित उद्धटपणाचे वाटले असेल. मला तिथे बसवेना, एवढेच कारण होते.

‘डोळस मुलांत याचे काय होणार, याला अंधशाळेत पाठवू या,’ असेही मी त्याच दिवशी सुचवले होते. तुम्ही म्हणालात, ‘गुरुजी, त्याला दिसते. कमी दिसते.’ पुढे तपासणीत दोन्ही डोळ्यांची नजर चष्मा लावून ६/६० निघाली, म्हणजे चांगल्या नजरेला जे साठ मीटरवरून दिसते ते त्याला सहा मीटरवर यावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि त्यात अंधत्वापासून वेगळी अशी ‘क्षीणदृष्टी’ची व्याख्या ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंतच्या नजरेसाठी ठेवली, हे मला तुमच्याकडूनच समजले. त्याच कायद्यानुसार सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निवड त्याची आणि घरच्यांची होती, मुख्याध्यापकांची नव्हती.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. तुमचे विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण श्रवणदोषाचे होते. ‘दृष्टीबाबत मला सगळे ठाऊक नाही, सहकाऱ्यांना विचारून पुढच्या वेळी सांगते,’ असे तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात आणि पंधरा दिवसांनी वहीत उत्तरे लिहून आणलीत. आमच्या खात्यात ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य मी त्याआधी फारसे ऐकले नव्हते, स्वतः तर कधी उच्चारलेच नव्हते.

मग जे बदल झाले ते सांगायला बसलो तर कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? मुलाची जागा पहिल्या रांगेत, खिडकीकडे पाठ करून, म्हणजे उजेड पुस्तकावर पडेल आणि डोळ्यांत येणार नाही. फळा काळ्या रंगाने नव्याने रंगवून घेतला, कारण जुना गुळगुळीत होऊन चकाकत होता. फळ्यावर लिहिताना मी प्रत्येक शब्द मोठ्याने बोलायचा. ही सवय लागायला मला दोन महिने लागले, आणि तिचा फायदा मागच्या बाकांवरच्या तिघा-चौघांना त्याच्याइतकाच झाला. त्याच्या वहीवर तुम्ही काळ्या जाड पेनने ओळी आखून दिल्या. संकलित मूल्यमापनाची त्याची प्रश्नपत्रिका मी स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून काढू लागलो. परिपाठ मैदानातून कडुनिंबाखाली आला. गणवेशात टोपी नाही म्हणून मी अडून बसलो होतो, तर रुंद कडेची टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा ही त्याच्या कातडीची गरज आहे, असे तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत सांगितले. माणदेशातले एप्रिलचे ऊन सदस्यांना समजावून सांगावे लागले नाही.

आणि ते तिरपे वाचन-मेज. तसे मेज मागवायचे तर कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तुम्ही मोडक्या बाकाची फळी शोधली, मुलाला बसवून मापे घेतली आणि गावातल्या सुतारांकडून एका दुपारी ते करून घेतले. पुस्तक नाकाजवळ आणण्यासाठी पाठ वाकवायची, त्याऐवजी पुस्तकच वर आले. पहिल्या आठवड्यात त्याने मला विचारले होते, ‘गुरुजी, हे घरी नेऊ का?’ मी नाही म्हणालो, कारण ते साठा नोंदवहीत चढवले होते. अशी माझी बुद्धी.

सगळेच जमले असेही नाही. तुम्ही आणलेले घुमटाकार भिंग त्याने दोन दिवस वापरले आणि मग ‘हरवले’ म्हणून दप्तराच्या तळाशी लपवून ठेवले, कारण मुले त्याला घड्याळजी म्हणू लागली होती. मोठ्या छपाईची पाठ्यपुस्तके आली ती एवढी जाड की त्याला ती बाहेर काढायचीच लाज वाटे. तुम्ही रागावला नाहीत, समजूतही घालत बसला नाहीत; तुमच्या पुढच्या भेटीत त्याच पुस्तकातून वर्गातल्या प्रत्येकाला पाळीपाळीने प्रकटवाचन करायला लावले. चौथीच्या मुलांनी ‘आम्हालाही असलेच द्या’ म्हणून हट्ट धरला. भिंग मात्र त्याने शेवटपर्यंत चारचौघांत वापरले नाही, आणि तुम्ही ते चालवून घेतले.

प्रमाणपत्रासाठी साताऱ्याला पहिल्यांदा गेलो ती फेरी माझ्या चुकीने फुकट गेली. तपासणीचा वार न विचारता मी मुलाला आणि त्याच्या आईला पहाटेच्या एसटीने घेऊन गेलो. तिचा दिवसाचा रोजगार बुडाला. पुढच्या वेळी तुम्ही स्वतः बरोबर आलात, रांगेत उभ्या राहिलात, अर्ज भरलात. ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र हातात आले तेव्हा त्याच्या आईने ते उलटसुलट पाहून विचारले, ‘म्हंजी आता ह्याला सायब रागावनार न्हाईत?’ साहेब म्हणजे मी. तुम्ही खिडकीबाहेर बघितलेत, त्या सभ्यतेबद्दलही आभार.

आता ज्या गोष्टीबद्दल मी आजवर कोणाजवळ बोललो नाही, ती. शाळेपासून हाकेच्या अंतरावर एक मुलगी होती, तेव्हा नऊ वर्षांची. जन्मतः मेंदूला इजा झालेली, बसता न येणारी, बोलणे फक्त घरच्यांना कळणारे. तिची खाट मी येता-जाता बघत होतो, तिच्या वडिलांशी पावसापाण्याच्या गप्पा मारत होतो. पण ती माझ्या शाळेची विद्यार्थिनी आहे असे माझ्या मनात कधीही आले नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणातही तिचे नाव मी घेतले नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. त्याचा अर्थ त्यांचे नाव पटावर असले पाहिजे आणि शिक्षकाने त्यांच्या घरी गेले पाहिजे. हे तुम्ही मला सांगितले नाही. शाळा सुटल्यावर एके दिवशी ‘चला, जरा जाऊन येऊ’ म्हणून मला तिच्या घरी घेऊन गेलात, खाटेपाशी बसलात आणि रंगीत ठोकळ्यांतून ‘लाल कुठला?’ असे विचारलेत. तिने लाल ठोकळ्याकडे पाहिले. मग निळ्याकडे, मग पिवळ्याकडे. तीनही वेळा बरोबर. तिचे आजोबा उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी तिचे नाव दाखल केले. तालुक्याच्या शिबिरात तिची मापे घेतली गेली आणि काही महिन्यांनी कानपूरच्या अलिम्को या दिव्यांगांची साधने बनवणाऱ्या सरकारी कंपनीची, पट्टे लावून बसता येईल अशी खुर्ची आली. तिच्या आईला तुम्ही हातापायांचे व्यायाम आणि भरवताना मान कशी धरायची ते शिकवले. त्या वर्षीच्या प्रपत्रात ‘निरंक’च्या जागी मी २ हा आकडा लिहिला, आणि पुढचे सगळे रकाने भरले.

हे सारे तुम्ही करत होता ते करारावर. मुदत संपली की नवा आदेश, मानधन बेताचे, आणि तालुकाभर विखुरलेल्या शाळा व घरे यांच्या फेऱ्या स्वतःच्या स्कूटीवर. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे म्हटले, आणि २०२४ मध्ये राज्याने केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली, हे वाचले तेव्हा मला पहिली आठवण तुमचीच झाली. चहा घेताना तुम्ही कराराविषयी एकदाच बोलला होता, तेही ‘मी पुढच्या वर्षी नसले तर ही वही नव्या माणसाला द्या’ म्हणून. ती भेट नोंदवही मी दिली नाही, माझ्याजवळच ठेवली. नव्या शिक्षकांना तिची छायाप्रत दिली आहे.

मुलगा आता दहावीत आहे. मान तशीच तिरकी ठेवून वाचतो. बोर्डाच्या परीक्षेत त्याला तासाला वीस मिनिटे जादा मिळतील. लेखनिक घ्यायचा नाही, स्वतःच लिहायचे, असे त्याने ठरवले आहे. जादा वेळेच्या अर्जासाठी प्रमाणपत्राची प्रत घ्यायला तो मागच्या महिन्यात माझ्याकडे आला होता आणि तुमचा पत्ता विचारत होता. मुलगी आमच्यात राहिली नाही. टाळेबंदीनंतरच्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन गेली. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत तिचे नाव आहे, आणि तिच्या वडिलांनी त्या पानाची प्रत माझ्याकडून मागून नेली आहे.

ते वाचन-मेज यंदा दुसरीच्या एका मुलीसाठी पुन्हा बाहेर काढले आहे. तिची उंची कमी असल्यामुळे उतार फार होतो. फळीचा मागचा पाय किती कापावा, हे सुतारांना नेमके सांगता येईना. तुम्ही त्या वेळी मापे कशी घेतली होती, ते कळवाल का?

आपला,
माणदेशातील एक निवृत्त मुख्याध्यापक