ठेव मोडू नका

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी घाईघाईने सांगते, तुम्ही घाईघाईने हो म्हणता आणि मग दोन्हीकडे रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही चष्मा लावून सावकाश वाचा. आईला एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

राजीनामा दिला आहे आणि तो मी परत घेणार नाही. शाळेतलं पूर्णवेळ काम सोडते आहे. आठवड्यातून तीन सकाळी तिथेच करारावर जाईन आणि दुपारनंतर अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणाऱ्या मुलांसाठी स्वतःचं छोटं केंद्र चालवीन. एवढं ठरलं आहे. पण दादाकडून कळलं की बाबा मुदत ठेव मोडायला निघालेत आणि घराची कागदपत्रंही कपाटातून बाहेर आलीत. ती आधी परत जागेवर ठेवा. काकांच्या वेळी जे झालं ते तुमच्या मनात आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच सगळा हिशोब मांडते, म्हणजे तुमच्या पैशांना हात का लावायचा नाही हे तुम्हालाच पटेल.

हिशोब मी एका सेशनच्या फीच्या मापात करते, म्हणजे खर्च सोळा लिहिला की सोळा सेशनची फी समजायची. शाळेत जाणारं मूल शाळा सुटल्यावरच येऊ शकतं. ४५ मिनिटं शिकवणं आणि १५ मिनिटं नोंदी व पुढच्या मुलाची तयारी, असा एक तास धरला तर रोज चार मुलं होतात. पाच दिवसांची वीस सेशन, शनिवारी सकाळी चार, म्हणजे आठवड्याला चोवीस. प्रत्येक मूल आठवड्यातून दोनदा आलं तर बारा मुलं, त्याहून जास्त नाहीत. बाबा, तुम्ही विचारलंत ना की पुढे मुलं वाढवशील का? नाही वाढवता येणार. या कामात उत्पन्नाची मर्यादा शाळेच्या घंटेने ठरते, माझ्या मेहनतीने नाही. बहुतेक लोक चाळीस तासांचा आठवडा धरून कागदावर नफा काढतात आणि फसतात तिथेच, कारण सकाळचे तास कुणी भरत नाही.

महिन्याची शहाण्णव सेशन दिसतात, पण ताप, परीक्षा, घरचं कार्य यांत सहातलं एक जातं. राहिली ऐंशी. सुट्ट्यांच्या दोन महिन्यांत तीसच धरते. वर्षाची ८६० होतात, महिन्याला सरासरी एकाहत्तर.

आता खर्च, त्याच मापात. जागा आणि वीज सोळा. विमा, फोन, हिशेबनीस आणि नोंदी सांभाळणं पाच. कागद, कार्डं आणि झिजलेलं साहित्य तीन. माझ्याहून अनुभवी व्यक्तीकडून महिन्याला कामाची तपासणी करून घेणं आणि माझं पुढचं प्रशिक्षण चार. (हे चार कुणीही पहिल्यांदा कापतं. मी ते शेवटीही कापणार नाही.) झाले अठ्ठावीस. घरखर्च सव्वीस, कर आणि बाजूला टाकायचे सहा. एकूण साठ. बारा मुलं झाली की अकरा उरतात. ते कुठे जाणार ते खाली लिहिते.

पण बारा मुलं पहिल्या दिवशी येत नाहीत, आणि आईची खरी भीती तीच आहे. म्हणूनच त्या तीन सकाळी आहेत. त्यांच्या मानधनात घरखर्च निघतो. मग केंद्राला फक्त अठ्ठावीस आणि सहा, म्हणजे चौतीस मिळवायचे राहतात. एका मुलामागे महिन्याला सरासरी सहा सेशनची फी पडते. सहा मुलं झाली की केंद्र स्वतःच्या पायावर उभं. शिवाय सहा महिन्यांचा सगळा खर्च, घराचा आणि केंद्राचा, वेगळ्या खात्यात ठेवला आहे. तो माझ्या पगारातून साठवलेला आहे. त्यातून एकही वस्तू विकत घ्यायची नाही, फक्त कमी पडलेला महिना भरून काढायचा, असा माझा नियम आहे. सहा महिन्यांत चार मुलंही झाली नाहीत तर जागा सोडून मी शाळेच्याच खोलीत दुपारची सेशन घेईन. शाळेशी तसं बोलणं झालं आहे.

फी वर्षाची ठरवून सारख्या मासिक हप्त्यांत, आगाऊ घ्यायची. सेशनगणिक घेतली की सुट्टीच्या महिन्यात हात रिकामे राहतात आणि परीक्षेनंतर एकदम दार वाजतं. चोवीस तास आधी कळवलं तर सेशन बदलून मिळेल, न कळवता गैरहजर राहिलं तर फी लागू. हे पहिल्याच भेटीत लेखी द्यायचं. आई, तुला हे कठोर वाटेल. पण रिकामी गेलेली जागा ही रांगेत थांबलेल्या दुसऱ्या मुलाची असते.

‘तीन महिन्यांत वाचायला लावतो’ असली पॅकेजं मी विकणार नाही. अमेरिकेत जोसेफ टॉर्गेसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचनात फार मागे पडलेल्या आठ ते दहा वर्षांच्या साठ मुलांना प्रत्येकी साडेसदुसष्ट तास एकास एक शिकवलं, रोज ५० मिनिटांची दोन सत्रं, असे आठ आठवडे. मुलांच्या वाचनातली अचूकता खूप सुधारली आणि पुढची दोन वर्षं टिकली, वेग मात्र मागेच राहिला. माझ्याकडे आठवड्याला दीड तास मिळणार, म्हणजे तेवढ्याच तासांना पंचेचाळीस आठवडे. पालकांना पहिल्या दिवशी हाच आकडा सांगायचा. वर्षभराची तयारी नसेल तर तिसऱ्या महिन्यात मूल बंद होतं, पालकांचे पैसे जातात आणि मुलाच्या मनात ‘मला येणारच नाही’ हे आणखी घट्ट बसतं. ते मला पैशांच्या नुकसानापेक्षा जास्त लागतं.

सुरुवातीच्या खरेदीत सगळ्यात मोठा खड्डा असतो तो चाचण्यांचा. वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीसारखे संच महाग असतात, पात्र मानसशास्त्रज्ञालाच मिळतात, आणि दर मुलामागे नवी उत्तरपत्रिका विकत घ्यावी लागते. नवी आवृत्ती आली की जुनी मागे पडते. तिची पाचवी आवृत्ती २०१४ची आहे. उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढून काम चालवणारे असतात. तो कॉपीराइटचा भंग आहे, आणि परीक्षेतल्या सवलतीसाठी दिलेल्या त्या अहवालावर उद्या परीक्षा मंडळाने प्रश्न विचारला तर भोगतं ते मूल. मी संच घेणारच नाही. अक्षमतेचं निदान मानसशास्त्रज्ञाकडे होईल, फी पालक थेट तिथे देतील आणि मी त्यात दलाली घेणार नाही. माझ्याकडे फक्त शिकवण्यापुरती तपासणी असेल: कोणते आवाज सुटे ओळखता येतात, कोणत्या मात्रा अडतात, मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले. दर सहा आठवड्यांनी तीच पुन्हा.

बाकी साहित्य थोडं आहे. अक्षरांचे ठोकळे, गणितासाठी एक ते दहा सेंटीमीटरच्या रंगीत क्युझनेअर पट्ट्या, दशक-एककाचे ठोकळे, छोटा फळा, कुलूप लागणारं कपाट (मुलांचे अहवाल उघड्यावर राहता कामा नयेत), जाड पडदे. पडदे शोभेचे नाहीत, बाहेरचा आवाज आत आला तर ज्याचं लक्ष मुळातच विखुरतं त्याचं अर्धं सेशन वाया जातं. वाचनाच्या पायऱ्यांची कार्डं मात्र मी स्वतःच करणार. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर, त्यामुळे तिचे शब्द कानामात्रेच्या शब्दांत मिसळून चालत नाहीत. आई, तू ओळीखाली बोट सरकवत मला वाचायला लावायचीस ना? तेच बोट मी आता रोज दुसऱ्यांच्या मुलांसाठी सरकवते. तुझं अक्षर अजून माझ्यापेक्षा सुंदर आहे. हात दुखत नसेल तर थोडी कार्डं तू लिहून दे. पैशांपेक्षा मला ती हवी आहेत.

कर्ज का नाही, हे बाबांसाठी. कर्जाचा हप्ता बारा महिने सारखा, माझं उत्पन्न मुलांच्या संख्येप्रमाणे कमीजास्त. दुसरं म्हणजे, कर्ज वस्तूसाठी ठीक, कारण वस्तू वर्षानुवर्षं काम देते. भाडं आणि घरखर्च कर्जातून भागवला तर हाती काही उरत नाही आणि हप्ता तेवढा उरतो. आणि बँक जामीनदार मागू शकते. बाबा, तुम्ही कुणालाही जामीन राहायचं नाही, मलाही नाही.

देणग्या आणि अनुदानं मिळतील असं शेजारचे म्हणतात, ते अर्धंच खरं. अशी मदत बहुधा नोंदणीकृत संस्थेला मिळते, एकट्याच्या व्यवसायाला नाही. मिळाली तरी ठरवलेल्या कामालाच, भाड्याला क्वचित, आणि पुष्कळदा आधी खर्च करा, पावत्या द्या, मग पैसे घ्या अशी. तिच्यावर भाडं उभं केलं की पहिल्या उशिरालाच जागा जाते. म्हणून एखाद्या संस्थेने मदत करायची ठरवली तर मी ती मुलाच्या नावाने घेईन: अमुक मुलाची एका वर्षाची सेशन, तिमाही प्रगतीच्या नोंदीसह. मदत थांबली तर ती जागा वर्ष संपल्यावर बंद होईल, केंद्र नाही. शाळांचे करारही असेच जपून. बिलं साठ-नव्वद दिवसांनी निघतात, म्हणून केंद्र स्थिरावल्यावर एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त एका शाळेवर ठेवायचं नाही.

आता ते उरलेले अकरा. बारा जागांपैकी दोन अर्ध्या फीच्या. महिन्याची सरासरी बारा सेशन अर्ध्याने, म्हणजे सहांची सूट. उरले पाच, ते सुट्टीच्या खात्यात. पहिली सवलतीची जागा पूर्ण फीची सात मुलं झाल्यावरच उघडायची आणि तिसरी कधीच नाही. आई, तू म्हणशील, गरिबाच्या लेकराला परत पाठवशील? परत नाही पाठवणार. त्याच्या आईवडिलांना घरी रोज वीस मिनिटं काय करायचं ते शिकवीन आणि शाळेच्या शिक्षकांशी बोलेन. पण दया येऊन जागा वाढवल्या तर वर्षभरात केंद्र बंद होतं आणि मग बाराच्या बारा मुलं रस्त्यावर येतात. माझा जीव तुझ्यासारखाच आहे, म्हणून तर आकडा आधीच लिहून ठेवते आहे.

तुमच्या औषधांचे आणि विम्याच्या हप्त्याचे पैसे दर महिन्याला पूर्वीसारखेच तुमच्या खात्यात येतील, पाच तारखेच्या आत. ते घरखर्चाच्या सव्विसांत धरलेले आहेत. मदतीला येणाऱ्या मावशींना काढून टाकायचा विचारसुद्धा करू नका. आईच्या गुडघ्यासाठी बाथरूममधला दांडा बसवायचा राहिला आहे, दादा रविवारी माणूस घेऊन येईल. तिची जाड उशी बदलायचीच आहे. पैसे घेतले नाहीत म्हणून मी तुम्हाला दूर करते आहे असं मनात आणू नका. दुपारी मी कामात असेन, पण सकाळचा फोन चुकणार नाही, आणि रात्री आठनंतर कितीही वेळ बोला.

बाबा, ठेवीवर नामनिर्देशन आईचं आहे का, ते शाखेत जाऊन बघून या. मुदत संपली की ती आपोआप पुढे चालू राहील अशी सूचना देऊन या. कोऱ्या कागदावर सही नको, कुणी कितीही जवळचं असलं तरी. रक्तदाबाची गोळी सकाळचीच आणि रोजची. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, मागच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले ते आठवा. आई, जिन्याचा दिवा संध्याकाळीच लाव. दोघांनी तपासणीची तारीख ठरवा आणि मला कळवा, मी त्या दिवसाची सेशन आधीच दुसऱ्या दिवशी हलवून ठेवते आणि येते.

हिशोबात कुठे चूक दिसली तर बाबांनी पेन्सिलीने खूण करून कागद परत पाठवावा.

तुमची,
छोटी